मला फक्त पाठी दिसत होत्या

पहिला दिवस

रात्रीची गाडी पहाटे साडेचारला स्टेशनात शिरली. फलाटावर आम्ही दोघंच उतरलो, मी आणि माझे सहप्रशिक्षक सर. सरांच्या काखेत चार्ट पेपरची लांब गुंडाळी, भिजू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून सुतळीनं बांधलेली. माझ्या पाठीवरच्या पिशवीत मार्कर, चिकटपट्ट्या, मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या 40 प्रती आणि रबरबँड लावलेला भूमिकांच्या कार्डांचा गठ्ठा. पुढे तीन तास बस आणि शेवटचा चढ पायी.

गावाचं नाव मी इथे लिहिणार नाही. मानवी हक्क प्रशिक्षणाच्या या शिबिराला आलेल्या 32 जणांचीही नाही. त्यातले निम्मे शिक्षक होते आणि निम्मे आपापल्या भागात मजुरीचे, जमिनीचे, पाण्याचे, घरातल्या मारहाणीचे प्रश्न घेऊन उभे राहणारे कार्यकर्ते. काहींवर खटले चालू आहेत, काहींच्या घराबाहेर अनोळखी माणसं येऊन उभी राहतात. अशा माणसाचा एखादा हसरा फोटो चुकीच्या हातात पडला तर तो कुठे होता, कुणाबरोबर होता, हे सगळं आयतं कळतं. त्यामुळे फोटोंचा नियम आम्ही चढ चढतानाच पक्का केला. विचारल्याशिवाय एकही फोटो नाही, आणि नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही.

शिक्षक आणि कार्यकर्ते एकत्र का बोलावले, असं मला नेहमी विचारतात. बसमध्ये सरांनी ते फार नेमकं मांडलं. "शिक्षकाला समजावून सांगता येतं, पण कुणाच्या बाजूनं उभं राहायची वेळ त्याच्यावर क्वचित येते. कार्यकर्ता उभा राहिलेला असतो, पण समजावून सांगायला गेला की भाषण ठोकतो. दोघांना एकमेकांची गरज आहे." सर 31 वर्षं शाळेत होते, त्यांनी दोन्ही बाजू जवळून पाहिल्या आहेत.

सभागृहात पोचलो तर समोर व्यासपीठ, त्यावर टेबल, टेबलावर माईक आणि खाली बाकांच्या रांगा. बाक लाकडी, चांगलेच जड. ते आम्ही सगळ्यांनी मिळून भिंतीला लावले, खुर्च्या गोलात मांडल्या आणि माईक बंद करून ठेवला. हे वरवरचं काम वाटेल, पण मला ते अभ्यासक्रमाचा पहिला धडा वाटतं. मानवी हक्क शिक्षण आणि प्रशिक्षणाविषयीचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 19 डिसेंबर 2011 रोजी स्वीकारला. त्याच्या दुसऱ्या कलमात या शिक्षणाच्या तीन बाजू सांगितल्या आहेत. हक्कांविषयी शिकणं, शिकणाऱ्याचे आणि शिकवणाऱ्याचे हक्क जपत शिकणं, आणि हक्क वापरण्यासाठी व दुसऱ्याचे राखण्यासाठी बळ मिळवणं. पहिली बाजू पुस्तकातून साधते. दुसरी त्या खोलीतच घडवावी लागते, आणि आमचं बहुतेक वेळा तिथंच अडतं.

संध्याकाळी गटाचे नियम ठरवायला बसलो. कागदावर मी सवयीनं "शांतता राखणे" असं लिहायला घेतलं. समोरून एक कार्यकर्ती म्हणाली, "ताई, आम्ही जन्मभर शांतच राहिलो. तो नियम नको." मी खोडलं. तिनंच सुचवलेलं वाक्य खाली लिहिलं, "ज्याचं बोलणं चालू आहे ते पुरं होऊ द्यावं."

झोपायला जाताना लक्षात आलं की गोलातसुद्धा शिक्षक एका बाजूला बसले होते आणि कार्यकर्ते दुसऱ्या.

दुसरा दिवस

सकाळी कायदा काढायचा नाही, हे आमचं ठरलेलं असतं. प्रत्येकाला कागदाची एक चिठ्ठी दिली. "हे बरोबर नाही, असं आतून वाटलं तो आयुष्यातला एक प्रसंग लिहा. नाव नको." चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या. मग जागतिक जाहीरनाम्याच्या प्रती वाटल्या आणि प्रत्येक चिठ्ठी कोणत्या कलमाखाली बसते ते शोधायला सांगितलं.

पुढचा पाऊण तास आम्हा दोघांना बोलावंच लागलं नाही. कमी मजुरीच्या चिठ्ठ्या 23 व्या कलमाखाली गेल्या. कारण न सांगता रात्रभर बसवून ठेवल्याची एक चिठ्ठी नवव्याखाली. मुलाला वर्गात मागच्या बाकावर वेगळं बसवल्याची एक चिठ्ठी सातव्याखाली लावायची की 26 व्या, यावर दोन शिक्षकांत जोराचा वाद झाला. एका चिठ्ठीवर एवढंच होतं, "11 वर्षांत एकही दिवस सुट्टी नाही. घरातल्या कामाला रविवार नसतो." ती कुठे लावावी कळेना, म्हणून हातोहात फिरली. शेवटी एका तरुण शिक्षकाला 24 वं कलम सापडलं. विश्रांतीचा आणि फुरसतीचा हक्क. तो ते मोठ्यानं वाचत गेला तसतशी खोली शांत होत गेली. विश्रांती हाही हक्क असू शकतो, हे तिथल्या बहुतेकांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

मग या जाहीरनाम्याचा इतिहास. आमसभेनं तो स्वीकारला तो दिवस, 10 डिसेंबर 1948, पॅरिस. बाजूनं 48 मतं, विरोधात एकही नाही, 8 देश तटस्थ. कलमं 30. एका ज्येष्ठ शिक्षकांनी हात वर केला. "हे सगळं बाहेरच्यांनी लिहिलेलं. आपल्याला का लागू?" हा प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो आणि तो झटकून टाकू नये असं माझं मत आहे. 1948 साली जगातली कितीतरी माणसं परकीय सत्तेखाली होती, त्यांच्या वतीनं त्या सभेत कुणी बसलं नव्हतं. हे खरंच आहे. पण मसुद्याच्या कामात चीनचे पेंग-चुन चांग होते, लेबनॉनचे चार्ल्स मलिक होते, चिलीचे एर्नान सांता क्रूझ होते, हेही खरं आहे. आणि भारताच्या हंसा मेहता होत्या. पहिल्या कलमाच्या इंग्रजी मसुद्यात "सर्व पुरुष" असाही अर्थ निघेल असा शब्द होता. त्या शब्दात बायका धरल्याच जाणार नाहीत, असं त्यांनी बजावलं, आणि अंतिम मसुद्यात "सर्व मानव" आले. मी हे सांगितलं तेव्हा कालच्या त्या कार्यकर्तीनं प्रत उघडून पहिल्या कलमातल्या त्या शब्दाखाली पेननं रेघ मारली.

दुपारी "एक पाऊल पुढे". जगभर हक्क प्रशिक्षणात वापरला जाणारा खेळ आहे. प्रत्येकाला एक भूमिका मिळते, सगळे एका रेषेवर उभे राहतात, प्रशिक्षक वाक्यं वाचतो. "आजारी पडल्यावर मला उपचार मिळतात." "माझ्याविषयी ठरवताना माझं मत विचारतात." "मला हवं तेव्हा घराबाहेर पडता येतं." वाक्य आपल्या भूमिकेला लागू असेल तर पाऊल पुढे टाकायचं, नसेल तर जागीच थांबायचं. 20 वाक्यं झाल्यावर अधिकाऱ्याचं कार्ड मिळालेले ज्येष्ठ शिक्षक पार व्यासपीठाला टेकले होते. रेषेवर एकटी एक तरुण कार्यकर्ती उरली. एकही पाऊल नाही. तिच्या कार्डावर होतं, "तू 13 वर्षांची आहेस. दुसऱ्याच्या घरी राहून काम करतेस. शाळा सुटली आहे."

मी विचारलं, "तिथून काय दिसलं?"

"मला फक्त पाठी दिसत होत्या," ती म्हणाली.

खेळाचं सगळं सार त्या एका वाक्यात आलं होतं. मी लगेच वळले आणि तक्त्यावर मोठ्या अक्षरांत ते लिहून काढलं. अक्षर नीट यावं म्हणून सावकाश लिहिलं. पुन्हा वळले तेव्हा सर जवळ येऊन हळूच म्हणाले, "ताई, ती बाहेर गेली आहे."

त्या दिवशी ती परत आत आली नाही.

तिसरा दिवस

पहाटे पाऊस होता. ती व्हरांड्याच्या कठड्यावर बसलेली दिसली. जवळ बसू का विचारलं, तिनं मान हलवली. माफी मागितली. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ते कार्ड माझं होतं, ताई. खरंच माझं. तेरावं वर्षच होतं."

भूमिका वाटताना ती कुणाच्या आयुष्याशी जुळत तर नाही ना हे पाहायचं, कार्ड बदलून घ्यायची मुभा द्यायची, खेळ मधेच सोडता येतो हे सगळ्यांसमोर आधी सांगायचं. हे सगळं मला ठाऊक होतं. नव्या प्रशिक्षकांना मी स्वतः हे शिकवते. त्या दिवशी जेवणानंतर उशीर झाला म्हणून मी गठ्ठा तसाच वाटला.

पण तिची तक्रार एवढीच नव्हती. "कार्ड माझं निघालं याचा राग नाही. राग याचा आला की त्या कार्डावरच्या मुलीला काहीच येत नाही. मला यायचं. मालकिणीच्या मुलाची पुस्तकं मी झाडू मारताना वाचायचे. शेजारच्या घरात कामाला असलेल्या मुलीशी मागच्या खिडकीतून बोलायचे. तुला किती देतात, मला किती देतात, ते आम्ही एकमेकींना विचारायचो. आमची संघटना त्याच खिडकीतून सुरू झाली. तुमच्या कार्डावर खिडकीच नाही."

कितीतरी वर्षं मी ही कार्डं वाटते आहे. रबरबँड दोनदा बदललं, कार्डं तीच राहिली. मी तिला विचारलं, उद्याचं सत्र तू घेशील का. ती म्हणाली, विचार करते.

सकाळचं सत्र शाळेवर होतं आणि ते सरांनी घेतलं. ज्येष्ठ शिक्षकांनी सुरुवातीलाच मनातलं सांगून टाकलं. "मुलांना हक्क शिकवला की ती हट्ट करणार. आधी कर्तव्य शिकवा." शिक्षकांच्या बाजूनं बऱ्याच माना डोलल्या. सरांनी वाद घातला नाही. त्यांनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, हक्क आणि हट्ट, आणि दोन्हींतला फरक मुलांना समजेल असा सांगा म्हणाले. 20 मिनिटांनी एका गटाकडून उत्तर आलं. हट्ट फक्त माझ्यापुरता असतो; हक्क मागताना तोच शेजारच्यालाही आहे हे मान्य करावं लागतं. माझ्या मते यात कर्तव्यसुद्धा आलं. जाहीरनाम्याच्या 29 व्या कलमात समाजाप्रती कर्तव्यांचा उल्लेख आहेच, पण कर्तव्य केलं तरच हक्क मिळेल असं तो कुठेही म्हणत नाही. काल जन्मलेल्या बाळानं कुठलं कर्तव्य केलेलं असतं?

छडीचा विषय निघाल्यावर मात्र आवाज चढले. संयुक्त राष्ट्रांची बालहक्क संहिता 1989 ची. तिच्या 28 व्या कलमात शाळेतली शिस्त मुलाच्या प्रतिष्ठेला धरून असावी असं आहे, 19 व्यात हिंसेपासून संरक्षण आहे, 12 व्यात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे. या संहितेवर देखरेख करणाऱ्या बालहक्क समितीनं 2001 मध्ये आणखी स्पष्ट शब्दांत सांगितलं की शाळेच्या फाटकातून आत गेल्यानं मुलाचे हक्क संपत नाहीत. मला स्वतःला 42 वं कलम फार मोलाचं वाटतं. ही संहिता मोठ्यांना आणि मुलांनाही ठाऊक करून देण्याची जबाबदारी त्यात सरकारवर टाकली आहे. म्हणजे मुलाला त्याचे हक्क सांगणारा शिक्षक कुणाविरुद्ध काही करत नसतो, सरकारनं पत्करलेलंच काम पुरं करत असतो. हे ऐकून एक शिक्षिका म्हणाल्या, "हे कलम मला लिहून द्या. मुख्याध्यापकांना दाखवायला उपयोगी पडेल."

दुपारी वीज गेली. प्रोजेक्टर बंद, पण सत्यशोधनाच्या सत्राला त्याची गरजही नव्हती. घटना कशी नोंदवायची? कुणी, कुणाला, काय केलं, कुठे, केव्हा, कसं. स्वतः पाहिलेलं वेगळं लिहायचं आणि ऐकलेलं वेगळं. "त्यांनी तुला मारलं ना?" असं विचारायचं नाही, "मग काय झालं?" असं विचारायचं. शब्द बोलणाऱ्याचेच ठेवायचे. न्याय मिळवून देतो असं वचन द्यायचं नाही, कारण ते आपल्या हातात नसतं. आणि सगळ्यांत आधी संमती. माहिती कुठे जाणार, कोण वाचणार, त्यातून काय धोका संभवतो हे सांगून घेतलेली, आणि माणसाला केव्हाही मागे घेता येईल अशी. या सत्रात एरवी आम्ही दोघांना गुपचूप सांगून अचानक एक खोटं भांडण घडवतो आणि मग सगळ्यांना पाहिलेलं लिहायला लावतो. आज ते रद्द केलं. भांडण होणार आहे हे आधी सांगितलं, ज्यांना नको त्यांना बाहेर थांबू दिलं. पाच जण उठून गेले. एरवी ते पाच जण आतच बसून राहिले असते, हा विचार रात्री उशिरापर्यंत पाठ सोडेना.

चौथा दिवस

या दिवशी सत्रं सहभागींनी घ्यायची असतात. प्रत्येक गटाला 40 मिनिटं, नंतर बाकीच्यांचा प्रतिसाद. पहिल्या दोन गटांबद्दल फार लिहीत नाही. एकात भाषण झालं, दुसऱ्यात खेळ इतके झाले की विषय राहूनच गेला. दोन्ही गट ते स्वतःच म्हणाले.

तिसऱ्या सत्राला ती उभी राहिली. मदतीला, मला आश्चर्य वाटलं, तो 24 वं कलम शोधणारा तरुण शिक्षक होता. माझाच कार्डांचा गठ्ठा तिनं मागून घेतला. वाटण्याआधी म्हणाली, "कार्ड बघा. नको असेल तर बदला. खेळायचंच नसेल तर नुसतं बघा." तिघांनी बदललं. मग, "आता कार्ड उलटं करा. मागची बाजू कोरी आहे. तिथे तीन गोष्टी लिहा. या माणसाला काय येतं? त्याच्या बाजूनं कोण आहे? आणि जे मिळायला हवं ते त्यानं कुणाकडे मागायचं?"

लिहायला सगळ्यांना वेळ लागला. पुढच्या बाजूला काय लिहायचं हे आम्हा प्रशिक्षकांना पाठ असतं, पण मागच्या बाजूसाठी त्या माणसाची ओळख लागते. तिसऱ्या प्रश्नावर तर निम्मे अडले, कारण "देव", "नशीब" आणि "मालक" लिहून झाल्यावर पुढे काय हे सुचेना. तिथे सरांनी पाच मिनिटं घेतली. हक्कधारक एका बाजूला, आणि तो हक्क ज्यांनी पाळायचा ते दुसऱ्या. सरकारवर तीन प्रकारची बांधिलकी असते. स्वतः हक्कावर घाला घालायचा नाही, दुसऱ्या कुणाला घालू द्यायचा नाही, आणि हक्क प्रत्यक्षात यावा अशी सोय उभी करायची. शाळेच्या उदाहरणावर हे पटकन कळलं. मुलीला प्रवेश नाकारायचा नाही. तिला कामाला जुंपणाऱ्याला रोखायचं. आणि तिला पोचता येईल अशी शाळा काढायची.

मग पुन्हा रेषा, पुन्हा वाक्यं. या वेळी वाक्यं तिची होती. "मला निदान एक माणूस माहीत आहे ज्याला मी खरं सांगू शकते." "माझ्यासारखं काम करणाऱ्या दुसऱ्या कुणाशी मी बोलले आहे." 13 वर्षांच्या मुलीचं कार्ड आज एका शिक्षिकेकडे होतं. तिनं दोन पावलं टाकली.

शेवटच्या वाक्यानंतर कार्यकर्ती म्हणाली, "पुढचे सगळे, मागे वळा."

खुर्च्या, पंखे, सगळं तेच होतं. पण आता मागच्यांना चेहरे दिसत होते आणि पुढच्यांना कळत होतं की मागे किती जण उरलेत. ज्येष्ठ शिक्षक आजही पुढेच होते. ते तडक चालत मागे गेले आणि रेषेजवळच्या शिक्षिकेचा हात धरून तिला पुढे आणू लागले. मनापासून करत होते. कार्यकर्ती शांतपणे म्हणाली, "सर, हात सोडा. तुम्ही ओढून आणलंत तर तुम्ही सोडल्यावर ती परत मागे जाईल. तिला त्या वाक्याला स्वतः हो म्हणता आलं पाहिजे. ते कशानं होईल, ते सांगा."

ज्येष्ठ शिक्षकांनी हात सोडला. थोडा वेळ तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "संध्याकाळची शाळा. काम संपल्यावर येता येईल अशी." मागून कुणीतरी म्हणालं, "आणि आठवड्याची सुट्टी." "मोजून दिलेला पगार." "तपासणीला येणारा माणूस." वाक्यं येत राहिली. मी भिंतीशी उभी होते. या वेळी मी तक्त्यावर काही लिहिलं नाही.

संध्याकाळी हक्करक्षकांविषयी थोडं बोललो. 9 डिसेंबर 1998 रोजी, जागतिक जाहीरनाम्याला 50 वर्षं पुरी व्हायच्या आदल्या दिवशी, आमसभेनं त्यांच्यासाठी वेगळा जाहीरनामा स्वीकारला. एकट्यानं किंवा इतरांबरोबर मिळून हक्कांसाठी झटण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, असं त्याचं पहिलंच कलम सांगतं. हक्करक्षक होण्यासाठी कुठली पदवी लागत नाही. "म्हणजे शिक्षकसुद्धा?" शिक्षकांच्या बाजूनं प्रश्न आला, आणि उत्तर कार्यकर्त्यांच्या बाजूनं आलं, "तुम्ही तर रोज."

त्या रात्री गोलात कोण कुठे बसलंय हे पाहायला मी विसरले.

पाचवा दिवस

सकाळी आराखडे. "जागृती करणार" असं लिहिलेला कागद आम्ही परत देतो. कुठे, कुणाबरोबर, कोणत्या महिन्यात, आणि अडचण आली तर कुणाला फोन करणार, हे हवं. ज्येष्ठ शिक्षकांनी लिहिलं होतं की पहिल्या आठवड्यात वर्गाचे नियम मुलांकडून ठरवून घेणार आणि स्वतःही ते पाळणार. छडीबद्दल विचारल्यावर म्हणाले, "कपाटात ठेवीन. टाकून देईन असं आज म्हणत नाही." मला हे उत्तर आवडलं. पाळता येईल एवढंच ते बोलले.

मग अभिप्रायाचे कागद. बहुतेकांनी शिबिर छान झालं असं लिहिलं. त्याचा आनंद होतो, पण डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या, त्यातली ही फक्त पहिली, प्रतिक्रियेची. शिकलं काय, वागणं बदललं का, आणि त्यातून प्रत्यक्ष काय घडलं, या पुढच्या तिन्ही अजून यायच्या आहेत. शेवटच्या दोन कळायला सहा महिने तरी हवेत. सहा महिन्यांनी परत यायची तारीख तिथेच सगळ्यांच्या वहीत लिहून घेतली.

उतारावर पाऊस थांबला होता. बसमध्ये सर लगेच झोपले. स्टेशनात गाडीला उशीर होता, म्हणून मी बाकावर बसून पिशवी लावायला घेतली. जाहीरनाम्याच्या सगळ्या प्रती संपल्या होत्या. कार्डं मोजली. 31 भरली. पुन्हा मोजली. 13 वर्षांच्या मुलीचं कार्ड नव्हतं, आणि ते कुणी ठेवून घेतलं असेल हे मला विचारायला नको होतं.

गाडी सुटल्यावर मी एक कोरं कार्ड काढलं, मांडीवर पिशवी ठेवून त्यावर धरलं आणि पहिली ओळ लिहिली.

"तू 13 वर्षांची आहेस. तुला वाचता येतं."